पिवळा लागला की परत पाहायचं नाही

आधी थाओ मावशींचं नाव लिहितो, मग बाकीचं. त्यांना मराठी येत नाही, हे त्या कधी वाचणार नाहीत, तरीही. व्हिएतनामच्या उत्तरेला, चीनची हद्द जिथून एका डोंगराआड आहे, तिथल्या एका खेड्यात त्या राहतात. गावाचं नाव आम्हा तिघांनाही शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही. वय साठीच्या आसपास, उंची जेमतेम माझ्या खांद्याइतकी. सव्वा वर्षापूर्वी माझ्या मित्राला, सुबोधला, त्यांनी स्वतःच्या पाठीवरची टोपली पालथी घालून तिच्यावर बसवलं, त्याचं मनगट धरलं, आणि आम्हाला कोणाला जे दिसलं नव्हतं ते त्यांना दिसलं. दोन दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं, खाऊ घातलं. निघताना त्याची सॅक स्वतःच्या पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत खाली उतरून आल्या.

हे आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायला घेतलं की हात थांबतो. सुबोध गेला. पाच आठवडे झाले. तेहतीस वर्षांचा होता.

मी होसूरला ट्रकच्या वर्कशॉपात काम करतो. आमच्या गावापासून, पांढरकवड्यापासून, हजार किलोमीटर तरी लांब. त्या दिवशी दुपारी एका गाडीखाली पडून गिअरबॉक्स उतरवत होतो. छातीवरच्या खिशात फोन वाजला. गजू होता, आमच्यातला तिसरा, गावात मोबाईलचं दुकान चालवतो.

"कुठं हायेस?"

"गाडीखाली. बोल."

"बाहेर ये आधी."

"अरे बोल ना बे. हात भरले हायेत माहे."

"इरफान... बाहेर ये. उभा राह्य. मंग सांगतो."

गजूने इतक्या वर्षांत मला कधी इरफान म्हटलं नव्हतं. मेस्त्री म्हणतो, किंवा मेस्त्रीच्या मागे-पुढे एखादा शब्द जोडून म्हणतो, जो इथे लिहिता येत नाही. मी बाहेर आलो, उभा राहिलो, मग त्याने सांगितलं. सुबोध मोजणी खात्यात भूकरमापक होता. गावापासून बारा-तेरा किलोमीटरवरच्या एका शेतात मोजणी चालू होती. कापूस वेचून झालेला, तुरी उभ्या. यंत्र तिपाईवर लावलेलं. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना त्याने सांगितलं, "जरा थांबा, मी दोन मिनिटं बसतो." आणि बसला. ते दोघे आपल्या हद्दीवरून भांडत होते. त्यांचं भांडण संपेपर्यंत कोणाला कळलंच नाही की साहेब उठणार नाहीत.

मी गजूला काय विचारलं माहीत आहे? मी विचारलं, "यंत्र कोणी उचललं?" म्हणजे ते महागाचं यंत्र शेतात राहून तर गेलं नाही ना, त्याच्यावर जबाबदारी यायची. इतका मी सुन्न झालो होतो. गजू म्हणाला, "उचललं." फोन चालूच राहिला.

सुबोध माझ्या बाकावरचा. त्याचे वडील, नाना, कोर्टात बाबू होते. घरात पुस्तकं, वर्तमानपत्र, संध्याकाळी दिवा लावून परवचा, असं सगळं. आमचं हायवेच्या कडेला गॅरेज. मी नववीत असताना जॅक घसरला आणि अब्बांचा उजवा हात गेल्यातच जमा झाला. मी शाळा सोडली. सोडली म्हणजे एका सोमवारी गेलो नाही, मग गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी सुबोध शाळा सुटल्यावर गॅरेजवर आला. दप्तरातून वही काढली आणि म्हणाला, "आज इतिहासात काय झालं ते सांगू का?" मी म्हटलं, कायले? तो म्हणाला, "तुले नाही, मले पाठ करायचं हाये. तू पाने-पक्कड पुसत राह्य." दीड वर्ष रोज तो आला. स्वतः पाठ करायच्या निमित्ताने त्याने मला दहावीपर्यंतचं सगळं ऐकवलं. परीक्षा तेवढी दिली नाही मी. आज चार ओळी लिहितोय, त्या त्याच्या वहीतल्या आहेत असं समजा.

आणि बदल्यात त्याने आमच्याकडून पिवळा रंग उचलला.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर आहे. ट्रकच्या चाकाचे नट आवळले की अब्बा प्रत्येक नटावर काडीने पिवळ्या रंगाचा ठिपका लावत. नटावर अर्धा, खालच्या लोखंडावर अर्धा. म्हणजे पूर्ण ताकदीने आवळून झालंय, आणि पुढे नट हललाच तर ठिपका तुटलेला दिसेल. पण अब्बांचा त्यावर एक कायदा होता. पिवळा लागला की त्या नटाला कोणी परत पाना लावायचा नाही. "पीला लग गया तो भरोसा लग गया," म्हणायचे. ज्याने ठिपका लावला त्याच्या हातावर शंका घ्यायची नाही. हायवेवर ड्रायव्हर लोक खाली उतरून चाकाकडे बघत, पिवळं दिसलं की काही न विचारता गाडी काढत.

सुबोधला ते फार आवडलं. गणित सुटलं की वहीच्या कोपऱ्यात पिवळ्या खडूने ठिपका. सायकलला हवा भरली की व्हॉल्व्हवर ठिपका. नोकरी लागल्यावर फायलींवर. वरिष्ठांनी एकदा विचारलं, हे काय? तर म्हणे, सर, हे फायनल झाल्याचं चिन्ह आहे. त्यांनी चालवून घेतलं म्हणे.

बाहेरदेशी पाठीवर पिशवी टाकून हिंडायचं, ही कल्पना गजूच्या दुकानात जन्मली. तिथे बसून सुबोध मोबाईलवर तरण्याताठ्या पोरांचे डोंगर चढतानाचे व्हिडिओ बघायचा. मला फोन आला, "मेस्त्री, पासपोर्ट काढ." मी म्हटलं, मी कुठं जाऊ, मी होसूरला आलो तेव्हा पहिला महिनाभर बसस्टँडवर जाऊन नागपूरच्या गाडीची वेळ रोज बघून यायचो. खरं सांगतो, मी भित्रा माणूस आहे. खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघतो. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येतो. हैदराबादच्या विमानतळावर आम्ही तिघं भेटलो तेव्हा मी पासपोर्ट आहे का हे बघायला सॅकची चेन इतक्या वेळा उघडली की वर्दीतला एक माणूस माझ्याकडे टक लावून बघायला लागला.

सुबोधने मला हाताला धरून एका कोपऱ्यात फरशीवर बसवलं. खिशातून नेलपॉलिशची छोटी बाटली काढली. हळदीसारखी पिवळी. पांढरकवड्यात घेताना दुकानदाराने म्हणे विचारलं होतं, "साहेब, लग्न जमलं का?" तर याने सांगितलं, "जमलं. मेस्त्रीसोबत." माझी सॅक पूर्ण रिकामी केली आणि एकेक वस्तू माझ्यासमोर धरून परत भरली.

"हा पासपोर्ट. पाह्यला? पिवळा. हे तिकीट. पाह्यलं? पिवळा. आईनं तुह्यासाठी दिलेली तिळाची चटणी. वास घे. पिवळा. ही चेन. लागली? पिवळा. आता इथून हनोईपर्यंत हात लावशीन तर अब्बाले नाव सांगीन."

गजू बाजूला उभा राहून म्हणाला, "माह्या तोंडाला लाव एक. आई म्हणते ते कधी बंदच होत नाई."

आणि काय सांगू... हात थांबला माझा. आयुष्यात पहिल्यांदा. चेनवर तो ठिपका दिसला की छातीतली धडधड खाली बसायची. अठरा दिवस मी एकदाही सॅक उगाच उघडली नाही.

हाल मात्र पुष्कळ झाले. तिथल्या झोपायच्या बसमध्ये चढताना बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात देतात. झोपायची जागा त्यांच्या मापाची. गजू सहा फुटी, त्याचे पाय पुढच्या सीटवरच्या सुबोधच्या उशीपर्यंत. मोजे तीन दिवस वाळले नव्हते. सुबोध अर्ध्या रस्त्यात उठून बसला आणि फार शांतपणे म्हणाला, "गजानन, तुह्या पायाचा पंचनामा करावा लागते." हॉस्टेलात एका खोलीत दुमजली खाटांवर आठ माणसं. पहिल्याच सकाळी गजू उठला तर त्याच्या उशीजवळ कोणीतरी कानात घालायच्या बोळ्यांचं रिकामं पाकीट आणून ठेवलेलं. तो घोरतो हे त्याला तेव्हा समजलं. खांद्यांवर सॅकच्या पट्ट्यांचे वळ उठलेले. चहा नाही. मी हलाल नसलेलं खात नाही, सुबोध घरचा शाकाहारी, बाहेर अंड्यापर्यंत येणारा. "आम्ही मांस खात नाही" असं फोनवर भाषांतर करून दाखवलं की ते लोक हसून मान हलवत आणि तेच सूप त्यातले तुकडे काढून आणून देत. आम्ही दोघं भात आणि अंड्यांवर जगलो. गजू काय काय खायचा हे त्याला विचारू नका, त्यालाही माहीत नाही.

पण सकाळी गुडघ्याएवढ्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून घट्ट काळी कॉफी पिताना, समोरून स्कूटरवर पाठीमागे अख्खं संत्र्याचं झाड बांधून नेणारा माणूस बघताना सुबोधचा चेहरा असा व्हायचा की वाटायचं, याने मागितलं तर मी आणखी लांब जाईन. आणि डोंगरातली शेतं! पायऱ्या पायऱ्यांची, एकेक पायरी खाटेएवढी. आमचा हा मोजणीवाला कठड्याला धरून उभा राहिला आणि हलेचना. "मेस्त्री, याची हद्द कायम मोजणी कोणी करत असन का रे? मी इथं नोकरीले असतो तर रिटायर होईपर्यंत एकच डोंगर झाला असता." मग कितीतरी वेळ तो मनातल्या मनात गुंठे मोजत होता.

त्या खेड्याकडे रस्त्यावरून पायऱ्यांची वाट चढते. दगडाच्या ओबडधोबड पायऱ्या, बऱ्याच. चढताना सुबोध सारखा थांबायला लागला. थांबला की खाली शेतांकडे बोट करायचा, हा तुकडा बघ, तो बघ. आम्हाला वाटलं मोजतोय. रोज दहा-दहा किलोमीटर धुरे तुडवणारा माणूस, त्याला चढाची काय तमा? गजू वरून ओरडला, "साहेब, धुरा सापडून राह्यला का? का उद्या नोटीस काढून येता?" मीही हसलो. हे लिहिताना मला ते हसू ऐकू येतं.

वरून थाओ मावशी उतरत होत्या. पाठीवर चाऱ्याची टोपली. आम्हा दोघांना ओलांडून त्या खाली गेल्या आणि सुबोधपाशी थांबल्या. त्याच्या निळसर पडलेल्या ओठांकडे बघितलं. मग सरळ चारा खाली ओतला, टोपली पालथी केली आणि त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. मनगट हातात घेतलं आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघून काहीतरी रागाने बोलल्या. भाषा कळायची गरज नव्हती. घरातल्या मोठ्या माणसाला विचारतात ना, तुमचं लक्ष कुठं होतं, तसं.

त्यांच्या घरात चुलीचा धूर आणि आढ्याला टांगलेली मक्याची कणसं. एकट्याच राहायच्या. पहिला दिवस सुबोध झोपून होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाताबरोबर वाटीत काहीतरी कोरडं वाढलं. सुबोधने चिमूट तोंडात टाकली आणि ताडकन उठून बसला. "अरे हे तर आईचं कूट हाये!" तीळ, शेंगदाणे, मीठ, खरपूस भाजून कुटलेलं. त्याने माझ्या सॅकमधून काकूंची, म्हणजे त्याच्या आईची, चटणी काढून शेजारी ठेवली. मावशींनी आमची चाखली, आम्ही त्यांची. मग गजूने त्यांना ठेचा दिला. त्या पाण्याकडे पळाल्या, चूळ भरली, परत आल्या आणि वाटी पुढे केली, आणखी द्या म्हणून. सुबोध इतका हसला की मला वाटलं, झालं, बरा झाला.

त्यांच्या घराखाली झऱ्याचं पाणी वर चढवायचा एक लहान पंप होता, बंद पडलेला. त्या हंड्याने पाणी आणत होत्या. मी उघडून बघितला. सील गेलं होतं. त्या मापाचं तिथं कुठेच मिळेना. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला, चार तास चालला, परत गळायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुणेने सांगितलं, पुढच्या वेळी येईन तेव्हा सील घेऊन येईन. त्यांनी एक बोट वर केलं. एकदा. नक्की. मी मान हलवली.

त्याच दुपारी गजू झऱ्यावर फोटो काढत होता. घरात मावशी, सुबोध आणि मी, तिघंच. मावशींनी माझा फोन मागितला, त्यात बोलल्या, आणि फोनमधल्या बाईने ते हिंदीत वाचून दाखवलं. त्या बाईचा आवाज विमानतळावरच्या घोषणेसारखा, गोड, आनंदी. "मेरे पति भी इसी तरह रुक-रुक कर सीढ़ियाँ चढ़ते थे. घर जाकर इसका दिल दिखाइए. देर मत कीजिए."

मी सुबोधकडे बघितलं. तो हसत होता. नेलपॉलिशची बाटली काढली, बनियन खाली ओढली आणि डाव्या छातीवर ठिपका लावला.

"घे. झालं चेक. आता पाह्यचं नाई."

"सुब्या, मस्करी नको करू. घरी गेल्यावर दाखवशीन?"

"दाखवतो ना. पण आईले सांगू नको. तिनं ऐकलं तर मले अंगणातबी चालू देणार नाई. शपथ घे."

मी घेतली. जो माणूस कुलूप तीनदा ओढून बघतो त्याने हे एकदाही ओढून बघितलं नाही. परत आल्यावर फोनवर दोनदा विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? दोन्ही वेळा म्हणाला, "पिवळा हाये, मेस्त्री." आणि मला बरं वाटलं. तेच तर ऐकायचं होतं मला. माझ्या भीतीवर त्याने जे औषध काढलं होतं, तेच मी त्याच्या बाबतीत घेऊन निवांत झोपलो.

बेंगळुरूहून रेल्वेने हिंगणघाट, तिथून एसटीने पांढरकवडा. पोहोचलो तोपर्यंत सगळं झालेलं होतं. अंगणात चपला होत्या, सुबोधचे मोजणीचे चिखलाचे बूटही त्यांच्यातच. कोणी उचलून बाजूला ठेवायची हिंमत केली नव्हती. नाना खुर्चीवर बसून वर्तमानपत्र हातात धरून होते. उलटं नव्हतं, पण पान उलटतही नव्हते. मी चौदा दिवस गावातच राहिलो. रोज जायचो, बसायचो, ती शपथ तशीच पोटात घेऊन परत यायचो. सांगितलं तर काकू काय म्हणतील? वेळेवर सांगितलं असतंस तर माझा मुलगा... आणि ते खरंच असेल तर?

शेवटच्या दिवशी, परत निघायच्या आधी गेलो. काकू आत होत्या. त्यांनीच विचारलं.

"इरफान, तुमच्याबरोबर होता तेव्हा काही म्हणाला होता का रे? त्रास होतो वगैरे?"

मी खाली बघत सगळं सांगितलं. पायऱ्या, टोपली, फोनमधला आवाज, छातीवरचा ठिपका, शपथ. काकू उठून कपाटाकडे गेल्या. मला वाटलं आता मला जा म्हणतील. त्या एक फाईल घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवली. आत यवतमाळच्या एका डॉक्टरची चिठ्ठी होती. नागपूरला जाऊन हृदयाच्या पुढच्या तपासण्या करून घ्या, असं लिहिलेलं. आम्ही परत आल्यानंतरच्या दुसऱ्याच आठवड्याची. म्हणजे तो गेला होता. एकदा तरी गेला होता. त्यापुढचं कागदपत्र काहीच नव्हतं. आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात, डॉक्टरच्या सहीशेजारी, पिवळा ठिपका.

"कपाट आवरताना मला सापडली होती ही," काकू म्हणाल्या. "मागच्या उन्हाळ्यात. वाचून त्याला विचारायलाच निघाले होते मी. मग हा ठिपका पाहिला आणि म्हटलं, चला, करून आला वाटतं, आपल्याला काळजी नको म्हणून बोलला नाही. होती तशी परत ठेवून दिली. तुझ्या अब्बांचीच पद्धत ना रे ती? पिवळा लागला की पाहायचं नाही..."

मी चिठ्ठीकडे बघत राहिलो. बोटाने तो ठिपका खरवडायला गेलो, का कोण जाणे. काकूंनी हात धरला.

"राहू दे. त्याचा आहे. तुला एकट्यालाच फसवलं नाही त्यानं."

मग त्या रडल्या. मीही. नाना बाहेरून आले, दाराशी उभे राहिले आणि चष्मा पुसत परत गेले. त्याने नागपूरला का नेलं नाही स्वतःला? सुट्टी मिळाली नसेल? घाबरला असेल? जो दुसऱ्याची भीती एका थेंबाने घालवायचा, त्याला स्वतःची भीती घालवायला कोणी नव्हतं का? मी होतो ना. हजार किलोमीटरवर, पण होतो. त्याने मला एकदाही विचारलं नाही, मेस्त्री, माझ्यासोबत येतोस का... आणि मीही म्हटलं नाही, चल, मी येतो.

निघताना काकूंनी त्याची सॅक आणून दिली. निळी, पाठीला घामाचे पांढरे डाग असलेली. धुतली नव्हती. म्हणाल्या, "ही इथं असली की मला वाटतं तो परत निघालाय कुठंतरी. तू ने." मी दारापर्यंत आलो, तर मागून हाक आली.

"त्या बाईला कोणी कळवलं का रे?"

मी नाही म्हटलं. फोन नंबर नाही, पत्ता म्हणावा असा पत्ता नाही. कसं कळवणार?

काकू आत गेल्या आणि एक पुडकं घेऊन आल्या. पांढरे तीळ, निवडलेले, कच्चे. "संक्रांतीला आणले होते. यंदा आमच्याकडे काही करायचं नाही. तिला दे. सांग, तिचं ऐकायला हवं होतं आम्ही."

आता होसूरच्या खोलीत सॅक खिळ्याला टांगलेली आहे. तिच्या प्रत्येक चेनवर ठिपका आहे, काही उडालेले, काही चकचकीत. आतल्या खणात ती बाटली आहे. तळाशी थोडा रंग उरलाय, घट्ट झालाय. वर्कशॉपात मी हल्ली पिवळा लागलेल्या नटांनाही परत पाना लावून बघतो. मालक चिडतो, म्हणतो तुझ्यामुळे गाड्या उशिरा सुटतात. चिडू दे. अब्बांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "देख ले बेटा. देखने में क्या जाता है." आयुष्यभराचा कायदा त्यांनी एका वाक्यात मागे घेतला.

थाओ मावशी, मी येईन. कधी ते सांगता येत नाही. एकट्याने विमानात बसायच्या नुसत्या विचाराने माझे तळहात ओले होतात, या खेपेला कोपऱ्यात बसवून सॅक भरून देणारा कोणी नाही. पण पंपाच्या सीलचं माप मी लिहून ठेवलं होतं, ती दोन सीलं आणून सॅकमध्ये ठेवलीत, तिळाच्या पुडक्याशेजारी. सुबोधचं तुम्हाला समोर बसून सांगेन, फोनमधल्या त्या बाईकडून नाही, मला जमेल तसं, हाताने. मग खाली उतरून पंप उघडेन, सील बसवेन, नट आवळेन. ठिपका लावणार नाही. वर तुमच्या घरात पाणी पोहोचेपर्यंत तिथेच उभा राहीन, आणि पोहोचलं की वर येऊन स्वतः बघेन.